तुम्ही विचारलंत म्हणून: ती वटवाघळं वाचली कशी?

दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, पाहुण्यांना घेऊन गेलो, की डोक्यावरची चिवचिव ऐकून कुणीतरी विचारतंच, "सर, अमेरिकेत बुरशीनं लाखो वटवाघळं मेली म्हणे. मग उरली ती कशी? आणि आपल्या इथल्यांचं काय?"

इथल्यांची काळजी नको. ती बुरशी थंडीची आहे, वीस अंशांच्या वर वाढत नाही. मराठवाड्यातल्या लेण्या-भुयारांत एवढा गारवा टिकतो कुठे? शिवाय आपल्या पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं, सहा-सहा महिने निपचित झोपत नाहीत.

तिकडची झोपतात, आणि तिथंच घात होतो. 2006 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पीठ भुरभुरल्यासारखी वटवाघळं पहिल्यांदा फोटोत दिसली. झोपेत त्यांचं अंग गुहेइतकं गार पडतं, रोगाशी लढायची ताकदही निजते. तेवढ्यात बुरशी पंखात शिरते. मागं आमच्या पडवीत एक पाकोळी पडली होती. फडक्यात धरून दिव्यासमोर नेली, तर लसणाच्या सालीसारखा पातळ पंख, आतल्या शिरा मोजता याव्यात इतका. त्यात बुरशी शिरली की जीव तळमळून जागा होणारच. बाहेर बर्फ, किडा एक नाही. प्रत्येक जागेपणी अंगावरची चरबी जळते आणि थंडी सरायच्या आत ती संपते.

माझ्या आजोळी ज्वारीचं पेव होतं, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. दुष्काळात ते कितीदा उघडायचं, हे आजीच ठरवायची. या वटवाघळांचं पेव म्हणजे अंगावरची चरबी. ज्या वसाहती टिकल्या, त्यांतली वटवाघळं पूर्वीपेक्षा जास्त चरबी घेऊन झोपी जातात, असं अभ्यासकांना आढळलं. गार कोपरा धरणाऱ्यांनाही फायदा होतो: बुरशी सावकाश वाढते, चरबीही कमी जळते. काहींच्या तर जनुकांतच फरक सापडलाय, म्हणजे तो पिल्लांकडे जाणार. युरोपात ही बुरशी जुनी आहे. तिथल्या वटवाघळांना ती लागते, पण असा संहार होत नाही.

मला याचं फार अप्रूप वाटतं. औषध नाही, वैद्य नाही, तरी काही वसाहतींनी तग धरला. सगळ्यांनी मात्र नाही. उत्तरेकडची लांब कानांची जात बुरशी पोचली तिथं नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. आणि मादीला वर्षाला पिल्लू बहुधा एकच होतं.