पेंढा खर्चाच्या बाजूला मांडायला हवा

संवर्धित शेतीचा, म्हणजे नांगरट टाळून, जमीन पिकाच्या पेंढ्याने झाकून आणि पिके फेरपालटून केलेल्या शेतीचा विषय निघाला की उत्पादन किती वाढते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, आणि माझ्या मते हिशेब तिथेच चुकू लागतो. २०१५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, ६१० अभ्यासांचा एकत्रित विचार करणाऱ्या विश्लेषणात विनामशागत पेरणीमुळे उत्पादन सरासरी ५.७ टक्क्यांनी घटलेले आढळले. मात्र कोरड्या हवामानातील कोरडवाहू शेतीत तिला जमिनीवरील आच्छादनाची आणि पिकांच्या फेरपालटीची जोड मिळाली, तेव्हा उत्पादन ७.३ टक्क्यांनी वाढले.

तृणधान्य पिकवणाऱ्याला पहिल्याच हंगामात जो लाभ दिसतो तो खर्चात असतो. नांगरट आणि कुळवणी टळल्याने डिझेल, मजुरी आणि यंत्राची झीज वाचते. शिवाय मशागतीसाठी थांबावे लागत नसल्याने पेरणी वेळेवर होते. गव्हाची पेरणी लांबली की दाणे भरण्याचा काळ उन्हात सापडतो, म्हणून हे वाचलेले दिवसही पैशात मोजायला हवेत.

या बचतीतून तणनियंत्रणाचा वाढीव खर्च वजा करावा लागतो, कारण नांगर तणही गाडत असतो. काडातून बी पेरणारे यंत्र थोड्या क्षेत्रासाठी विकत घेणे परवडत नाही. ते वेळेवर भाड्याने मिळाले तरच गणित जुळते. गव्हाच्या काडात नत्राच्या सुमारे ८० पट कर्ब असतो, त्यामुळे ते कुजवणारे जिवाणू जमिनीतील नत्र काही काळ स्वतःकडे ओढून घेतात आणि सुरुवातीच्या हंगामांत खताची मात्रा वाढवावी लागू शकते.

सर्वांत अवघड नोंद मात्र पेंढ्याची आहे. ज्याच्या दावणीला जनावरे आहेत, त्याने पेंढा शेतात ठेवायचा म्हणजे तेवढा चारा विकत आणायचा. जमिनीचा किमान ३० टक्के भाग झाकलेला राहावा, अशी अपेक्षा ठेवताना हा खर्च धरलाच जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. अशा शेतकऱ्याने पेंढा उचलला तर तो अडाणीपणा ठरत नाही.

खंडाने जमीन कसणाऱ्याची अडचण याहून मोठी आहे. चाऱ्याची आणि खताची झळ त्याला याच वर्षी सोसावी लागते, तर जमीन सुपीक करणारा सेंद्रिय कर्ब वाढायला अनेक वर्षे जातात. खंडाचा करार निदान फेरपालटीचे एक पूर्ण चक्र टिकेल इतक्या मुदतीचा नसेल, तर सुधारलेली जमीन मालकाकडे परत जाते आणि सुधारणेचा खर्च कसणाऱ्याच्या अंगावर राहतो.