ड्रॉबारचा एक इंच

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात, म्हणजे आयोवा, इलिनॉय, मिसूरी, ओहायो या मका-सोयाबीनच्या पट्ट्यात, उन्हाळी कौंटी फेअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या वार्षिक जत्रेत, जुन्या ट्रॅक्टरांची ओढस्पर्धा अनेक ठिकाणी होते. ट्रॅक्टर उद्योगातील नोकरीच्या निमित्ताने इकडे स्थायिक झालेला मी एक मराठी अभियंता असून, आमच्या भागातील एका हौशी क्लबमध्ये स्पर्धेपूर्वीच्या तांत्रिक तपासणीचे काम स्वेच्छेने करतो. या तपासणीत कडकपणा किती असावा आणि तो कोणाला लागू असावा, याविषयी दर हंगामात वाद होतात. त्याबद्दलचे माझे मत एकदा सविस्तर मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

ज्यांनी ही स्पर्धा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. ट्रॅक्टरच्या मागे साखळीने एक लांबलचक लोखंडी स्लेड जोडलेली असते. तिची मागची बाजू चाकांवर असते आणि पुढचा भाग सपाट पत्र्यासारखा जमिनीवर टेकलेला असतो. सुरुवातीला वजनाची पेटी मागच्या चाकांवर असते, पण ट्रॅक्टर जसा पुढे जातो तशी ती पेटी पुढे सरकत जाते, पत्र्यावरचा भार वाढतो आणि ओढणे क्षणोक्षणी अवघड होते. बहुतेक ठिकाणी 300 फूट अंतर कापले की ओढ पूर्ण झाली असे मानतात. 1929 मध्ये मिसूरीतील बोलिंग ग्रीन आणि ओहायोतील वॉन्सव्हिल येथे झालेल्या स्पर्धा या खेळाच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी मानल्या जातात. पूर्वी अशी सरकती पेटी नव्हती, तेव्हा वाटेच्या कडेला उभी असलेली माणसेच एकेक करून चालत्या स्लेडवर चढत आणि वजन वाढवीत. आज ती कल्पनाही अंगावर काटा आणते.

जुन्या ट्रॅक्टरांच्या गटात साधारणपणे 1950च्या दशकाच्या अखेरीपर्यंतची यंत्रे येतात: फार्मॉल एम, जॉन डिअर ए, ऑलिव्हर 88, ॲलिस-चामर्स डब्ल्यूडी-45. या यंत्रांना चालकाच्या डोक्यावर संरक्षक सांगाडा नसतो. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना असा सांगाडा 1959 मध्ये सक्तीचा केला, तर अमेरिकी उत्पादक तो नव्या ट्रॅक्टरांवर सरसकट देऊ लागले ते 1980च्या दशकाच्या मध्यावर. त्यामुळे आमच्या स्पर्धेतील चालक उघड्या आसनावर बसलेला असतो आणि त्याला पट्टाही बांधू दिला जात नाही, कारण सांगाड्याविना पट्टा बांधला तर उलटणाऱ्या ट्रॅक्टरखाली माणूस जखडला जातो. मागे उलटण्याची क्रिया किती वेगवान असते हे शेतीसुरक्षेच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. पुढची चाके उचलली गेल्यापासून सुमारे पाऊण सेकंदात ट्रॅक्टर परत न येण्याच्या स्थितीला पोहोचतो आणि दीड सेकंदात पुरता उलटतो. धोका ओळखून क्लचवर पाय दाबायला माणसाला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, म्हणून चालक कितीही अनुभवी असला तरी त्याच्या अनुभवावर विसंबून राहता येत नाही.

आता ड्रॉबारच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे असलेल्या आणि साखळी अडकवायच्या दांड्याच्या उंचीकडे वळतो, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. बहुतेक क्लबांमध्ये साखळी अडकवण्याची जागा जमिनीपासून 20 इंचांपेक्षा उंच असता कामा नये, आणि मागच्या आसाच्या मध्यापासून किमान 18 इंच मागे असावी लागते. समजा, ओढ 4,000 पौंडांची आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर 90 इंच आहे. तर 20 इंच उंचीवरून ओढताना पुढच्या चाकांवरचे जवळजवळ 890 पौंड वजन मागच्या चाकांवर जाते. उंची एका इंचाने वाढवली की त्यात आणखी सुमारे 45 पौंडांची भर पडते. मागच्या टायरांची पकड तेवढी वाढते, आणि जिथे पहिला आणि तिसरा क्रमांक काही फुटांच्या किंवा इंचांच्या फरकाने ठरतो तिथे हा लाभ लहान नाही. परंतु पुढची चाके जमिनीवर धरून ठेवणारे वजनही नेमके तेवढेच कमी झालेले असते. अंतराच्या नियमाचेही तसेच आहे. ड्रॉबार आसापासून पुरेसा मागे असेल तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाताना साखळीची जागा खाली जाते आणि उलटवणारा जोर आपोआप घटतो. ड्रॉबार आखूड केला की हा नैसर्गिक लगाम सुटतो.

म्हणजे या खेळात लबाडीचा फायदा आणि जिवाचा धोका एकाच इंचात असतात. ‘सुरक्षेचे नियम कडक पाळू, पण स्पर्धेच्या नियमांत थोडी मोकळीक ठेवू, शेवटी हौशी मंडळी आहेत’, असे जे सांगितले जाते ते मला त्यामुळेच मुळात चुकीचे वाटते. असे दोन वेगळे नियम इथे नाहीतच.

इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा हे दुसरे उदाहरण. फार्मॉल एमचे इंजिन मिनिटाला 1,450 फेऱ्यांसाठी आणि जॉन डिअर ए अवघ्या 975 फेऱ्यांसाठी बनवलेले होते. फिरत्या चक्रावरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे फेऱ्या 30 टक्क्यांनी वाढवल्या तर ताण जवळजवळ 70 टक्क्यांनी वाढतो, आणि तोही पाऊणशे वर्षे जुन्या बिडाच्या फ्लायव्हीलवर. जुन्या दोन सिलिंडरच्या जॉन डिअरचे फ्लायव्हील डाव्या बाजूला उघडेच फिरत असते. ते फुटले तर तुकडे कोणाच्या दिशेने जातील याचा नेम नाही.

किल स्विचबाबतही मी आग्रही आहे. चालकाच्या मागे बसवलेल्या या स्विचची दोरी स्लेडला बांधलेली असते. साखळी तुटली किंवा ट्रॅक्टर स्लेडपासून सुटला की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद व्हावे, ही अपेक्षा असते. पण बॅटरीवरचे इग्निशन बंद करायचे तर त्याचा प्रवाह तोडावा लागतो, आणि मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीविना स्वतःच ठिणगीची वीज तयार करणारे यंत्र, बंद करायचा तर त्याची तार ट्रॅक्टरच्या धातूला टेकवावी लागते. जोडणी उलट झाली तर स्विच दिसायला व्यवस्थित, दोरीही नवीकोरी, आणि इंजिन मात्र चालूच राहते. म्हणून दोरी पाहून मान डोलावणे म्हणजे तपासणी नव्हे. इंजिन चालू असताना दोरी ओढायची आणि ते बंद पडते का ते पाहायचे, प्रत्येक ट्रॅक्टरवर, दर स्पर्धेला.

खरी अडचण मापन करण्यात नसते, ती माणसांत असते. क्लबमध्ये सगळे एकमेकांचे शेजारी, चर्चमधले सोबती, कापणीच्या दिवसांत एकमेकांना यंत्रे उसनी देणारे. गेल्या हंगामात ऐंशी ओलांडलेले एक शेतकरी वडिलांच्या हातचा ट्रॅक्टर घेऊन आले होते आणि त्यांचा ड्रॉबार पाऊण इंचाने उंच भरला. रांगेतील अनेकांनी मला ‘जाऊ द्या, त्यांना कुठे बक्षीस हवे आहे’ असे सुचवले. मी तो ड्रॉबार खाली घ्यायला सांगितले, आमच्यातल्याच दोघांनी पाने आणून त्यांना मदत केली, आणि ते आपल्या पाळीला ओढून गेले. सवलतीपेक्षा ही मदत अधिक आदराची होती असे माझे ठाम मत आहे. सवलत एकदा आजोबांना दिली की पुढच्या वेळी ती क्लबच्या अध्यक्षांना द्यावी लागते, आणि मग दूरच्या गावातून प्रथमच आलेल्या, कोणाच्याही ओळखीच्या नसलेल्या तरुणालाच तेवढा नियम लागू होतो. असा तरुण परत येत नाही, आणि नव्या माणसांशिवाय हा छंद टिकणार नाही.

ही सगळी शिस्त अनावश्यक वाटणाऱ्यांना मी नेब्रास्काची आठवण करून देतो. ट्रॅक्टर कंपन्या भरमसाट अश्वशक्तीच्या जाहिराती करीत असत त्या काळात, स्वतः निकृष्ट ट्रॅक्टर घेऊन पस्तावलेले विल्मॉट क्रोझियर नावाचे शेतकरी आमदार झाले. त्यांच्या पुढाकाराने 1919 मध्ये त्या राज्याने ट्रॅक्टर चाचणीचा कायदा केला आणि 1920 पासून लिंकन शहरातील विद्यापीठात चाचण्या सुरू झाल्या. ड्रॉबारवर यंत्र किती ओढते ते तटस्थ माणसांनी मोजायचे आणि निकाल सर्वांसमोर ठेवायचा, एवढेच त्याचे सूत्र होते. आमच्या स्पर्धेतील जवळजवळ प्रत्येक यंत्राच्या जातीची अशी चाचणी त्या काळी झालेली आहे.

नियमच नसले तर काय होते, हे भारतातही दिसले आहे. पंजाबच्या ग्रामीण मेळ्यांमधील ट्रॅक्टरच्या कसरतींवर ऑक्टोबर 2023 मध्ये एका तरुणाच्या मृत्यूनंतर सरकारने सरसकट बंदी घातली. कसरत आणि ओढस्पर्धा या वेगळ्या गोष्टी आहेत हे खरे, परंतु अपघातानंतर बंदीचा आदेश काढणारा अधिकारी असा फरक करीत बसत नाही, आणि अमेरिकेतील विमा कंपनी तर मुळीच नाही.

येत्या हंगामासाठी मी क्लबपुढे काही सूचना ठेवल्या आहेत. जो ज्या वजनगटात उतरतो त्याने त्या गटाची तपासणी करू नये. ड्रॉबारचे माप सर्व वजने लटकवल्यावर, चालक आसनावर बसलेला असताना आणि सपाट काँक्रीटवर घ्यावे. पहिल्या तिघांचे माप ओढ झाल्यावर लगेच पुन्हा घ्यावे, कारण वजनकाट्यापासून धावपट्टीपर्यंतच्या वाटेत टायरांची हवा आणि ड्रॉबारचे बोल्ट बदलता येतात. मोजलेले आकडे फळ्यावर सर्वांना दिसतील असे लिहावेत, आणि तक्रार करणाऱ्याने थोडी अनामत भरावी, जी तक्रार खरी ठरल्यास परत मिळेल. यातील शेवटची सूचना काही सभासदांना पटलेली नाही. गरीब स्पर्धक अनामतीमुळे गप्प बसेल, असा त्यांचा आक्षेप असून तो मला विचारात घेण्याजोगा वाटतो, म्हणून अनामतीऐवजी दोन स्पर्धकांच्या सह्या पुरेशा मानाव्यात असा बदल मी मसुद्यात केला आहे. मतदान वसंतातील सभेत होईल.