कठड्याच्या सावलीतून आलेली रेषा

गिरगावातल्या आमच्या चाळीची गॅलरी पूर्वेकडे उघडते. सकाळी साडेसातच्या सुमारास समोरच्या दोन इमारतींमधल्या फटीतून ऊन आत येते, आणि कठड्याच्या एकवीस लोखंडी गजांच्या सावल्या त्यांच्या पायापासून निघून फरशी ओलांडतात व खोल्यांच्या भिंतीवर चढतात. हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. तरीही कलामहाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ही गॅलरी रेखाटायला घेतली, तेव्हा पहिले दोन महिने मी केवळ गज काढत राहिले. ०.१ मिलिमीटरच्या रोटरिंग पेनने, म्हणजे आरेखनाच्या बारीक शाईपेनाने, कार्ट्रिज पेपरवर केलेली ती तीसेक रेखाटने नीटनेटकी होती आणि त्यांचे यथादर्शनही (पर्स्पेक्टिव्ह) बरोबर होते. मार्गदर्शक शिक्षकांनी ती एकेक करून पाहिली आणि एवढेच विचारले, "यात सकाळ कुठे आहे?"

त्या प्रश्नानंतर मी पेन बाजूला ठेवले आणि आठवडाभर फक्त सावल्या पाहिल्या. गजाच्या पायाशी सावलीची कड सुरीसारखी धारदार असते. फरशीवरून पुढे सरकताना ती मऊ होते. भिंतीवर पोहोचेपर्यंत तिचा गडदपणा जवळजवळ विरून जातो. हा डोळ्यांचा भास नाही. आकाशात सूर्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची दिसते, म्हणजे उजेड एका बिंदूतून येत नाही, आणि म्हणून सावलीची कड दर मीटर अंतरामागे साधारण नऊ मिलिमीटर पसरते. आमचे गज बारा मिलिमीटर जाडीचे आहेत. हिशेब केला तर त्यांची पूर्ण गडद सावली, म्हणजे प्रच्छाया, सुमारे एक मीटर तीस सेंटिमीटरवर संपते आणि त्यापुढे केवळ उपच्छाया, म्हणजे अर्धवट फिकी सावली, उरते. गॅलरीची रुंदी चार फूट आहे, त्यामुळे सावली विरण्याची ही जागा नेमकी आमच्या भिंतीवर येते. ग्रहणाच्या धड्यात पाठ केलेले हे शब्द माझ्या घराच्या भिंतीवर रोज सकाळी लिहिले जात होते, हे समजले त्या दिवशी मला खरोखर फार आनंद झाला.

आता प्रश्न रेषेचा होता. पेनची रेघ एक तर असते किंवा नसते, मग विरणारी सावली तिच्याने कशी काढायची? शाई पाण्याने फिकी करण्याचा मोह झाला, पण मग ते रेखाटन राहिले नसते. अखेर एका सावलीसाठी मी नऊ समांतर रेघा घेतल्या. पायाशी त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि वर जाताना त्यांच्यातले अंतर हळूहळू वाढत जाते. मधला कोरा कागदच उजेडाचे काम करतो.

या टप्प्यावर भारतीय चित्रकार नसरीन मोहम्मदी (१९३७–१९९०) यांची रेखाटने मी नव्याने पाहिली. ब्रीच कँडीजवळच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये एके काळी त्यांचा स्टुडिओ होता. पुढे आरेखनाची उपकरणे वापरून शाईने आणि पेन्सिलीने ओढलेल्या त्यांच्या रेषांना बहुधा शुद्ध अमूर्त म्हटले जाते. मला मात्र त्या रेषांमधल्या बदलत्या अंतरांत ऊन दिसते. त्यांनी टिपलेली, हयातीत प्रदर्शित न केलेली कृष्णधवल छायाचित्रे पाहिल्यावर हे मत अधिकच पक्के झाले.

कागदानंतर तार आली. नागदेवी स्ट्रीटवरून २२ गेजची, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीची तार आणली, तिचा छोटा कठडा वळवला, तो भिंतीपासून वीस सेंटिमीटरवर टांगला आणि एक मीटर मागे घरातलाच दुधी बल्ब लावला. भिंतीवर काहीच उमटले नाही. सहा सेंटिमीटर व्यासाच्या बल्बमुळे सावलीची कड बारा मिलिमीटर पसरत होती, आणि त्यात माझी तार बुडून गेली होती. मग लोहार चाळीतून एक साधी टॉर्च घेतली आणि तिचे भिंग व परावर्तक काढून टाकले. दोन मिलिमीटरच्या त्या उघड्या एलईडीसमोर तारेची सावली इतकी रेखीव पडली की तिच्यातही सकाळ नव्हती.

उत्तर तिरकेपणात सापडले. आता तारेच्या कठड्याची चौकट पायाशी भिंतीला टेकलेली आहे, तिचा माथा भिंतीपासून दोन फूट पुढे कललेला आहे आणि दिवा भिंतीपासून पाच फुटांवर, माथ्याच्या उंचीला आहे. सावली खाली धारदार राहते आणि वर पोहोचताना विरते, गॅलरीत होते तशीच. एक अडचण उरली होती: दिवा जवळ असल्याने सावल्या वर पंख्यासारख्या फाकत होत्या, आणि भिंतीवरच्या उन्हात त्या समांतर असतात. म्हणून तारांमधले वरचे अंतर मी खालच्या अंतराच्या तीन पंचमांश केले. चौकट नुसती पाहिली तर वाकडी वाटते, पण दिवा लावताच भिंतीवरच्या एकवीस रेषा सरळ होतात.

अजून एक रेखाटन बाकी आहे. मुंबईत मे महिन्याच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. जुलैत बहुधा ढग असतात, त्यामुळे माझी भिस्त मेवरच आहे. समोरच्या इमारतीच्या गच्चीला आमच्यासारखाच कठडा आहे, आणि तिथे कागद पसरण्याची परवानगी मी मागून ठेवली आहे. दुपारी साडेबारानंतर काही मिनिटे उभ्या गजांच्या सावल्या वरच्या आडव्या पट्टीच्या सावलीत शिरतील आणि कागदावर एकच जाड रेघ पडेल.