आतला मेन्यू दिसेना तेव्हा : माझा अनुभव

आमच्या सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक्सएफसीई (त्यावरचा हलका डेस्कटॉप) आहे. खजिनदारकाकांना मेन्यूत ‘सोसायटी’ हवी होती, तिच्यात ‘हिशेब’, आणि हिशेबात पावत्या, मेंटेनन्सची वही, ऑडिट. ‘सोसायटी’त नोटिशींचा फोल्डर थेट टाकला होता, ती लगेच उगवली. ‘हिशेब’ काही केल्या येईना.

एरर नाही, इशारा नाही. याचाच मला अजून राग आहे. काका येता-जाता विचारायचे, “आलं का रे हिशेबाचं?” आणि सांगायला माझ्याकडे काहीच नसायचं. मेन्यूची मांडणी एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहिलेली असते. तिच्यावर एक्सएमएल-लिंट हा तपासनीस चालवून पाहिला, फाइल शुद्ध. सबमेन्यूची ओळख सांगणाऱ्या डिरेक्टरी फाइलमधलं नाव, आयकॉन, सगळं जागच्या जागी.

फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने लिनक्स डेस्कटॉपसाठी ठरवलेल्या सामाईक नियमांप्रमाणे ज्या मेन्यूत एकही नोंद बसत नाही, तो एरवी दाखवतच नाहीत. म्हणजे आतल्या नोंदी जुळल्या नाहीत की अख्खा सबमेन्यू गायब, आणि आपण कंस तपासत बसतो!

मेन्यूत काय घ्यायचं ते मेन्यू फाइलच्या ‘इन्क्लूड’ भागात लिहितात. शेवटी ‘हिशेब’च्या इन्क्लूडमधल्या, एकेका फाइलचं नाव देणाऱ्या ‘फाइलनेम’च्या ओळी काढून तिथे तात्पुरतं नुसतं ‘ऑल’ (म्हणजे सगळंच) टाकलं आणि मेन्यूची पट्टी, म्हणजे पॅनल, रीस्टार्ट केला. ‘हिशेब’ उघडला, कॅल्क्युलेटरपासून टर्मिनलपर्यंत सगळं पोटात घेऊन. केवढं हायसं वाटलं! घडण बरोबर होती, घोळ फक्त नावांत होता. कुणाचा सबमेन्यू अडला असेल तर आधी हेच करून पाहा.

मेन्यूतल्या प्रत्येक नोंदीची एक ‘डेस्कटॉप फाइल’ असते. पावतीची अप्लिकेशन्स फोल्डरमधल्या ‘सोसायटी’ या उपफोल्डरात होती. इन्क्लूडला फाइलचं नुसतं नाव पुरत नाही, तिचा आयडी लागतो, आणि आयडीत उपफोल्डरचं नावही येतं. तिरप्या रेघेच्या जागी हायफन बसतो. म्हणून ‘पावती.डेस्कटॉप’ नाही, ‘सोसायटी-पावती.डेस्कटॉप’. वाइनने (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) बनवलेल्या मेन्यू फाइलींत ‘वाइन-प्रोग्राम्स’ने सुरू होणारी लांबलचक नावं दिसतात, ती याचमुळे.

आता मी फाइलनेमच्या वाटेलाच जात नाही. डेस्कटॉप फाइलमध्ये ‘एक्स-’ने सुरू होणारी आपली कॅटेगरी लिहायची, पुढे अर्धविराम, आणि मेन्यूत तीच कॅटेगरी मागायची. मग फाइल कुठल्याही उपफोल्डरात असो. स्पेलिंगमधली लहान-मोठी अक्षरं मात्र तंतोतंत जुळली पाहिजेत. आणि जुनी ‘ऑफिस’ कॅटेगरी काढून टाका, नाहीतर त्याच पावत्या ऑफिसच्या मेन्यूतही दिसतात.

हे आधीच सांगायला हवं होतं: सिस्टिमच्या सेटिंग्जच्या ईटीसी (/etc) फोल्डरमधल्या मूळ मेन्यू फाइलला हात लावू नका. तिची नक्कल होम फोल्डरच्या डॉट-कॉन्फिग (.config) फोल्डरमधल्या मेन्यूज (menus) फोल्डरमध्ये ठेवा आणि बदल तिच्यातच करा. काही बिघडलंच तर नक्कल काढली की मूळ मेन्यू परत.

मराठी नावासाठी सिस्टिमची भाषा बदलावी लागत नाही. डिरेक्टरी फाइलच्या ‘नेम’समोर सरळ देवनागरीत ‘हिशेब’ लिहा आणि फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा.