बाईंनी खोडलेले शंभर

अमृतमहोत्सवाचं पत्र आलं त्या रात्री मी कपाटातून काचेची एक नळी काढून बघत बसलो. संपादक मंडळाने कळवलं होतं, शाळेविषयी काहीही लिहा. माझ्याकडे लिहायला विज्ञानाच्या बाई आहेत. बाई म्हटलं की कोणत्या, हे आपल्या शाळेत कुणी विचारत नाही.

आठवीत बाईंनी प्रयोगशाळेतल्या तापमापींच्या आकड्यांवर कागद चिकटवून त्या आमच्या हातात दिल्या. "आकडे तुम्ही घाला." बाजारातून बर्फ आणला, त्याच्या चुऱ्यात तापमापी बुडवली आणि पारा थांबला तिथे 0 लिहिला. उकळत्या पाण्याच्या वाफेत धरली, तिथे 100. मधे पट्टीने भाग पाडले. मग माझ्या बाकावरच्या मित्राने ती काखेत धरली, तर पारा 38च्या पुढे! नवाने गुणा, पाचाने भागा, बत्तीस मिळवा, की झालं फॅरेनहाइट : एकशे एक ताप. तो रडवेला झाला. ऑफिसातला डॉक्टरी थर्मामीटर लावला, तर अठ्ठ्याण्णव.

बर्फ वाईट होता, पट्टी सरकली, आम्ही सगळी कारणं सांगून पाहिली. बाईंनी आठ दिवस उत्तर दिलं नाही. एकदाच विचारलं, "वाईला कुणाची मावशी आहे? तिच्याकडे डाळ लवकर शिजते का, विचारून या." शिजत होती. पसरणीचा घाट चढून वर आलं की हवेचा दाब कमी होतो, आणि आमच्या पाचगणीत पाणी साधारण साडेपंचाण्णव अंशांनाच उकळतं. आम्ही त्याच रेघेवर 100 लिहून मोकळे झालो होतो.

त्या दिवशी बाईंनी सेल्सियस सांगितला. स्वीडनमधल्या उप्साला इथला हा खगोलशास्त्रज्ञ. बर्फ वितळण्याची खूण जागच्या जागी राहते, पण उकळण्याची खूण हवेच्या दाबाबरोबर सरकते, हे त्याने 1742 साली नोंदवून ठेवलं होतं. म्हणून उकळबिंदू कोणत्या दाबाला घ्यायचा तेही त्याने ठरवलं. त्याची पट्टी मात्र उलटी होती : उकळतं पाणी 0, बर्फ 100. 1744मध्ये तो गेला आणि पुढच्या काही वर्षांत ती सुलटी झाली. त्याच्या आधी, 1724मध्ये, फॅरेनहाइटने आपली पट्टी मांडली. त्यासाठी बाईंनी कल्हईवाल्याकडून नवसागर आणला होता. बर्फ, पाणी आणि नवसागराचं मिश्रण म्हणजे 0, नुसतं बर्फाचं पाणी 32, आणि धडधाकट माणसाच्या तोंडातली किंवा काखेतली ऊब 96. काखेतली, हे ऐकल्यावर माझ्या मित्राचा चेहरा खुलला, तो अजून डोळ्यांसमोर आहे.

आज भोसरीत माझी तापमापी तपासून देणारी छोटी प्रयोगशाळा आहे. औषधांच्या शीतगृहांचे, कारखान्यांतल्या भट्ट्यांचे संवेदक आमच्याकडे येतात. आमची मानकं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या मानकांशी जोडलेली आहेत. आमच्याकडे काचेचं एक बंद पात्र आहे. त्यात बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात ते 0.01 अंशाला. आतली हवा काढून ते बंद केलेलं, त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब कितीही असो, पाचगणीत न्या नाहीतर मुंबईत, आकडा तोच. 1954 साली या बिंदूला केल्विन या तापमानाच्या एककात 273.16 ठरवून सगळी पट्टी त्यावर टांगली. उकळत्या पाण्याचा आधार तेव्हाच सुटला.

पुढे 20 मे 2019पासून पाण्याचाही आधार सुटला. आता केल्विन बोल्ट्झमनच्या स्थिरांकाच्या, म्हणजे तापमान आणि ऊर्जा यांना जोडणाऱ्या, कधी न बदलणाऱ्या आकड्याच्या, ठरवून दिलेल्या किमतीवर उभा आहे. ती बातमी वाचली तेव्हा पहिला विचार आला, बाईंना फोन करावा. बाई त्याआधीच गेल्या होत्या. नोकरीच्या धावपळीत मी त्यांना भेटायला गेलो नाही, हे मला फार लागून राहिलंय.

गेल्या वर्षी शाळेत आलो होतो. मुलं डिजिटल थर्मामीटर धरून आकडा वाचत होती. एकाला विचारलं, हा आकडा कुठून येतो? तो म्हणाला, आतून. विद्यमान शिक्षकांना विनंती, वर्षातून एकदा तरी आकड्यांवर कागद चिकटवा.

समारंभाला ती नळी घेऊन येतोय. कागद पिवळा पडलाय, पण माझ्या हातचे 100 बाईंनी लाल शाईने खोडून शेजारी 95.5 लिहिलंय, ते स्वच्छ वाचता येतं. बाईंच्या घरचं कुणी येणार असेल तर मला आधी सांगा.