७३ मिनिटं आणि एक झाड

रात्रीची जेवणं आटोपून, ओटा पुसून बसलं तरी झोपायच्या वेळेआधी संपतो, हा ‘राइड लोनसम’ या अमेरिकी वेस्टर्न सिनेमाचा (१९५९) पहिला गुण. लांबी ७३ मिनिटं. महत्त्वाची पात्रं बोटांवर मोजण्याइतकी, आणि बहुतेक वेळ सगळी घोड्यावर. दिग्दर्शक बड बेटिकर, पटकथा बर्ट केनेडीची आणि नायक रँडॉल्फ स्कॉट, ज्याचा चेहरा डोंगरातूनच तासून काढल्यासारखा. १९५६च्या ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’पासून १९६०च्या ‘कोमँची स्टेशन’पर्यंत या तिघांनी जवळजवळ एकच गोष्ट घोळवली. बायको गमावलेला, अबोल, एकटा माणूस. आणि त्याच्यासमोर त्याच्यापेक्षा गप्पिष्ट, लाघवी, कधीकधी जास्तच आवडून जाणारा खलनायक. राग तोच आहे म्हणून मैफलीतून कोणी उठून जात नाही, तशातली गत.

खडकांचं काम मात्र स्कॉटपेक्षाही मोठं. कॅलिफोर्नियात लोन पाइन गावाशेजारी अलाबामा हिल्स आहेत. गोलसर, तपकिरी, एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे धोंडे, आणि मागे सिएरा नेवाडाची दातेरी रांग. (१९३९च्या ‘गंगादीन’साठी हिंदुस्थानचा वायव्य सरहद्द प्रांतही इथेच उभा केला होता. धोंड्यांना काय, कुठलाही देश चालतो.) चार्ल्स लॉटन ज्युनियरचा कॅमेरा माणसांना या धोंड्यांमध्ये मुंगीएवढं करून टाकतो. म्हणूनच हा सिनेमा कुठल्या प्रतीवर बघता याला महत्त्व आहे.

‘राइड लोनसम’ सिनेमास्कोपमध्ये आहे. चौकटीची रुंदी उंचीच्या २.३५ पट. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कडा छाटून केलेल्या प्रतीत यातलं साधारण ४३ टक्के चित्र जातं. जेम्स कोबर्नचा हा पहिलाच सिनेमा. बराच वेळ कडेला राहून ऐकणं हेच त्याच्या वाट्याला आलेलं, त्यामुळे छाटणीत पहिला बळी जायचा तो त्याचाच. छाटलेली प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नये.

डीव्हीडी घेताना वेष्टनाची मागची बाजू वाचावी. ‘वाइडस्क्रीन’ एवढंच लिहिलेलं पुरत नाही. ‘अ‍ॅनामॉर्फिक’ किंवा ‘१६:९’ हवं, म्हणजे रुंद चित्र आडवं दाबून जास्त ओळींत भरलेलं. नसेल तर अमेरिकी डिस्कच्या ४८० ओळींपैकी चित्राच्या वाट्याला जेमतेम २७२ येतात, बाकी काळ्या पट्ट्या. अ‍ॅनामॉर्फिक असेल तर ३६०च्या वर. ब्लू-रेवर ८००च्या वर, आणि तिथे खडकाचा पोत हाताला लागतो. युरोपातली पाल (तिथल्या टीव्ही-पद्धतीची) डीव्हीडी घेतली तर आणखी एक गंमत: सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, ७३ मिनिटांची ७० होतात. तीन मिनिटं वाचली म्हणून खूश होऊ नका. दुरुस्त केला नसेल तर आवाज हार्मोनियमच्या जवळजवळ पाऊण पट्टीने चढतो आणि स्कॉटचा संथ, कोरडा खर्ज उगाच तरतरीत होतो.

भारतात राहणाऱ्यांपुढे प्रदेश-संकेताची, म्हणजे कुठली डिस्क कुठल्या देशाच्या प्लेअरवर चालेल याची, अडचण आहे. आपला ब्लू-रे विभाग ‘सी’, अमेरिकेचा ‘ए’, युरोपचा ‘बी’. क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क-कंपनीने २०२३मध्ये बेटिकर-स्कॉट जोडीचे पाच सिनेमे एका संचात काढले, ब्लू-रेहून बारीक चित्राच्या फोर-के डिस्कसकट. फोर-के डिस्कला प्रदेशाचं कुलूप नसतं. सोबतच्या साध्या ब्लू-रेला असतं. तेव्हा आधी प्लेअर बघा, मग पैसे मोजा. ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’ या संचात नाही. तो वर्षानुवर्षं गडप होता. २०००मध्ये यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या चित्रपट-संग्रहालयाने दुरुस्त केला तेव्हा लोकांना पुन्हा दिसला.

आता डिस्कला शिव्या घालण्याआधी थोडं थांबावं, कारण काही दोष मुळातलेच असतात. एक दृश्य विरून दुसरं उमटतं, तिथे चित्र एकदम रवाळ (फिल्मचे दाणे दिसतील असं) आणि रंग किंचित फिका होतो. तो जोड प्रयोगशाळेत नकलेवर नक्कल करून बनवलेला असायचा. उत्तम डिस्कवरही तो दिसणारच. सुरुवातीच्या स्कोप भिंगांत जवळून घेतलेले चेहरे रुंद दिसायचे. त्याला अमेरिकेत गालगुंडच म्हणत. याउलट स्कॉटच्या सुरकुत्या मेणासारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर तो डिस्क बनवणाऱ्याचा प्रताप: रवा पुसताना चेहराही पुसला गेला. आणि पात्रं शेकोटीशी बसून रात्रीच्या गोष्टी करताहेत, पण आकाश लख्ख, हा तिसरा प्रकार. दिवसा कमी प्रकाश घेऊन रात्र चित्रित करत. डिस्क करताना ते मुद्दाम अंधारायचं राहिलं की भरदुपारी शेकोटी.

टीव्हीचं चित्र जुळवून घ्यायला मात्र दुसरा सिनेमा उत्तम: आंद्रे डी टॉथचा ‘डे ऑफ द आउटलॉ’ (१९५९), कृष्णधवल, सगळीकडे बर्फ. कुंपणाच्या तारेवरून भांडण पेटलंय, एका बाजूला रॉबर्ट रायन, आणि बारवर बाटली आडवी करून घरंगळू दिली जाते. ती पडली की पिस्तुलं निघणार. बाटली कडेला पोहोचते, दार उघडतं आणि आत भलतेच लोक येतात. तिथून अख्खा सिनेमाच वळतो. शेवटाकडे घोडे पोटापर्यंत बर्फात रुतत चालतात. ते दृश्य थांबवून कॉन्ट्रास्ट कमी करत न्या, बर्फातल्या खुरांच्या खळग्यांना सावली दिसेपर्यंत. मग गडद कपड्यांच्या घड्या दिसेपर्यंत ब्राइटनेस वाढवा. शार्पनेस जवळजवळ शून्य, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद, कडा कापणारं ओव्हरस्कॅनही बंद. आवाज मोनो (एकाच वाटेने येणारा) आहे, तो मोनोच राहू द्या. चारी कोपऱ्यांतून घोडे आणू नयेत.

एवढं झालं की ‘राइड लोनसम’ पुन्हा लावा आणि फाशीच्या झाडापर्यंत थांबा. मोकळ्या जागेत उभं, वठलेलं, क्रुसासारखं. त्याचं काय होतं ते सांगत नाही. फक्त कॅमेरा वर उचलला जातो तेव्हा धुराच्या मागचं आकाश बघा. ईस्टमनकलर या रंगीत फिल्मच्या जुन्या प्रतींत निळसर-हिरवा (सायन) रंग आधी विटतो आणि सगळं गुलाबी पडतं. गुलाबी दिसलं, तर दुसरी प्रत शोधायला लागा.