तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुण्यांना समाध्या कशाला दाखवता?

कोल्हापुरात पाहुणे आले की अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस आणि रात्री तांबडा-पांढरा एवढं ठरलेलंच असतं. आमच्या घरी त्यात पंचगंगा घाटावरच्या राजघराण्याच्या समाध्यांची भर पडते. मग कुणी ना कुणी विचारतंच, "वहिनी, फिरायला आलेल्या माणसाला समाध्या काय दाखवता? स्मशानाच्या बाजूला न्यायचं व्हय पाहुण्यांना?" युरोपच्या सहलीतही मी हेच उद्योग केले म्हटल्यावर तर लोक माझ्या नवऱ्याकडे दयेनं बघतात. म्हणून एकदाच सविस्तर उत्तर लिहिते.

पहिली गोष्ट, हे मी एकटी करत नाही. सगळेच करतात आणि त्याला सहल म्हणतात. इथल्या किती शाळांची सहल विजापूरला जाते. गोल घुमट म्हणजे 1656 साली वारलेल्या महंमद आदिलशहाची कबर. पोरं वरच्या सज्जात चढतात, एकमेकांच्या नावानं आरोळ्या ठोकतात, घुमट त्या पुन्हा पुन्हा ऐकवतो आणि मास्तर ओरडून ओरडून दमतात. खाली बादशहाला पुरलंय हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. ताजमहालापुढच्या बाकावर बसून जोडप्यानं फोटो काढला तरी ती कबरच. रायगडावर शिवरायांच्या समाधीला डोकं टेकल्याशिवाय आपला गड बघून होत नाही. म्हणजे लोकांना थडग्याचं वावडं नाही. तिकीट असलं, बाहेर काकडी-लिंबूपाणी विकायला बसलेलं असलं की चालतं. आपल्याच नदीकाठची, कुणी राखणदार नसलेली समाधी म्हटली की मात्र विटाळ आठवतो.

पॅरिसला पेर लाशेज नावाची दफनभूमी आहे, 1804 साली सुरू झालेली. झाडांच्या सावलीत दगडी पायवाटा, चढ-उतार, आणि हातात नकाशा घेऊन कबरी शोधत हिंडणारी माणसं. तिथं ऑस्कर वाइल्ड या लेखकाच्या कबरीवर लोक लिपस्टिक लावून ओठ टेकवायचे. ते इतकं वाढलं की 2011 साली काचेचं कुंपण घालावं लागलं. ही हौस मला जरा जास्तच वाटते. पण त्या जागेत भीती वाटत नाही, हेही खरं. तिथं आम्ही थोडाच वेळ होतो. माझं सगळं लक्ष पुढच्या मुक्कामावर होतं.

तो मुक्काम फ्लॉरेन्सचा. बरोबरची मंडळी चामड्याच्या पर्सची घासाघीस करत राहिली आणि आम्ही दोघं ट्रामनं काशिने बागेकडे सुटलो. बाग अर्नो नदीच्या काठानं लांबच लांब पसरलेली आहे. माणसं पळत होती, कुत्री फिरवत होती. पार शेवटच्या टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी अर्नोला मिळते. त्या संगमावर एक छत्री आहे. आपल्याकडे असते तशीच, खांबांवर तोललेली, नक्षीची. छत्रीखाली एका तरुण मुलाचा रंगवलेला अर्धपुतळा. ते आपले कोल्हापूरचे राजाराम महाराज. राजारामपुरी ज्यांच्या नावानं वसली ते नव्हेत. ते शाहू महाराजांचे चिरंजीव, खूप नंतरचे. हे त्यांच्या आधीचे, दुसरे राजाराम. राजाराम कॉलेजाला नाव आहे ते यांचं.

1870 साली ते इंग्लंड बघायला गेले. त्या काळात समुद्र ओलांडायला निघालेला राजा म्हणजे केवढी चर्चा झाली असेल! परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला गेले. वय पुरतं एकवीसही नव्हतं. आता प्रेताचं काय करायचं? इटलीत जाळायची रीतच नव्हती. मिलानला नव्या पद्धतीचं पहिलं दहन झालं ते 1876 साली, म्हणजे यांच्यानंतर. बरोबरच्या मंडळींनी आपल्या रीतीप्रमाणे नदीकाठ, तोही संगमाचा, मागितला आणि शहरानं तो दिला. चिता पेटली तिथंच चार वर्षांनी, 1874 साली, ही छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मांटचा, म्हणजे पुढे ज्यानं आपल्या न्यू पॅलेसचा आराखडा केला त्याचाच. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. चौथऱ्यावर चार भाषांत मजकूर आहे, त्यात देवनागरीही आहे. महाराजांनी त्या प्रवासाची रोजनिशी ठेवली होती, ती 1872 साली छापून निघाली.

फ्लॉरेन्सच्या लोकांना कोल्हापूर माहीत असायचं कारण नाही. पण शेजारच्या मोठ्या पुलाला त्यांनी या भारतीयाचंच नाव दिलंय. छत्रीच्या पायरीवर एक म्हातारा वर्तमानपत्र वाचत बसला होता. आम्ही हात जोडले तेव्हा त्यानं पेपर खाली घेतला, आमच्याकडे बघितलं, पुतळ्याकडे बघितलं आणि पुन्हा वाचायला लागला. मला तो आवडला. समाधीपाशी असंच बसावं.

तिथून आल्यापासून मला एक गोष्ट सारखी जाणवते. कोल्हापूरच्या गादीच्या माणसांना मरण घरी कमी आणि बाहेर जास्त आलं आहे. ज्यांनी ही गादी उभी केली त्या ताराराणी 1761 साली साताऱ्याला वारल्या. त्यांची समाधी तिकडे संगम माहुलीला, कृष्णेच्या काठी. इथं कावळा नाक्यावर त्यांचा घोड्यावरचा पुतळा आहे, रोज हजार गाड्या त्याला वळसा घालतात. राजाराम फ्लॉरेन्सला गेले. त्यांच्यामागून दत्तक आलेले चौथे शिवाजी इंग्रजांच्या नजरकैदेत अहमदनगरला, 1883 साली. त्यांच्यानंतर दत्तक आले ते शाहू महाराज, आणि तेही 6 मे 1922 ला मुंबईत, पन्हाळा लॉजमध्ये. त्यांना इथं आणलं म्हणून निदान गावाला अखेरचं बघता आलं. नर्सरी बागेतलं त्यांचं समाधिस्थळ मात्र 2020 साली झालं. एवढ्या मोठ्या माणसाच्या समाधीला जवळजवळ शंभर वर्षं लागली, यावर मी पाहुण्यांपुढे फार बोलत नाही. गावाची गोष्ट आहे. पण 2022 साली शंभराव्या स्मृतिदिनाला अख्खं कोल्हापूर सकाळी शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं होतं, हे आवर्जून सांगते.

तेव्हा पाहुण्यांना मी समाध्या दाखवते ते एवढ्यासाठी. पॅलेसमध्ये गेलं की शिकारीचे वाघ नि तलवारी दिसतात. कोण कुठं, कसं आणि किती लवकर गेलं हे समाधीपाशी उभं राहिलं की कळतं, आणि इतिहासातली नावं एकदम कुणाच्या तरी घरातली होतात.

आता "स्मशानाच्या बाजूला" या मुद्द्याबद्दल. हो, घाटावरची राजघराण्याची समाधी मंदिरं आणि पंचगंगा स्मशानभूमी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. पण मी पाहुण्यांना समाध्यांकडे नेते, स्मशानाकडे नाही. बनारसला होडीत बसून मणिकर्णिकेवरच्या चिता बघतात, मोबाईल वर धरून. मला ते जमणार नाही. जिथं आजही कुणाचं तरी माणूस जळतंय तिथं बघ्यांचं काम नाही. आमच्या स्मशानभूमीबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. महापालिका तिथं अंत्यसंस्कारांचे पैसे घेत नाही. होळी आली की तालमी-मंडळं होळी लहान करून शेणी, म्हणजे गोवऱ्या, स्मशानाला दान करतात. हे मी घाटाच्या पायरीवर बसून सांगते. सांगायला तिथं जावं लागत नाही.

शिवाय आमच्या घरातल्या बायका मातीला जातच नव्हत्या. आता नव्या पिढीतल्या मुली जातात, बापाला अग्नीही देतात. माझ्या वेळी आम्ही दारापर्यंत. माणूस उंबऱ्याबाहेर गेलं की ते कुठं गेलं, कसं गेलं, हे पुरुष परत येऊन सांगतील तेवढंच. कदाचित म्हणूनच मला समाधीचं एवढं वाटत असेल. तिथं बाई गेली तर कुणी "तू कशाला आलीस" म्हणत नाही.

घाटावर गेलात तर तिथलं वातावरण काही गंभीर नसतं, आधीच सांगते. एकीकडे म्हशी डुंबत असतात, पोरं पुलाच्या बाजूनं सूर मारतात, प्री-वेडिंगवाली जोडपी दीपमाळेपाशी उभी असतात. मंदिरं काळ्या दगडाची, आत महादेवाची पिंड. कुठं गवत उगवलंय, कुठं कुणीतरी दिवा लावून गेलेलं असतं. कोणत्या समाधीत कोण, याची नीट पाटी लावायला आपल्याला कधी जमणार देव जाणे. फ्लॉरेन्सला चार भाषांत जमलं.

पावसाळ्यात मात्र येऊ नका. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 वर धोका, हे आकडे इथं शेंबड्या पोरालाही पाठ असतात. त्याच्या कितीतरी आधी घाट आणि समाध्या पाण्यात गेलेल्या असतात. 2019 साली पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. स्मशानभूमीही बुडते, मग लोकांना कसबा बावडा किंवा कदमवाडी गाठावी लागते. पूर ओसरला की समाध्यांच्या भिंतींवर गाळाची रेघ राहते. दिवाळीनंतर सगळं धुऊन-पुसून बघण्यासारखं होतं.

आणि शेवटचा प्रश्न, जो पाहुणे गाडीत बसल्यावर हळूच विचारतात: घरी जाऊन अंघोळ करावी लागेल का? नाही. स्मशानातून आल्यावर करतात, समाधीवरून आल्यावर नाही. तिथून सरळ मिसळ खायला जायचं. चपला मात्र काढाव्या लागतील, आणि घाटाचा दगड उन्हात चांगलाच तापतो, म्हणून सकाळी नऊच्या आत निघू.